कसायला दोन एकर



शेती करायची तयारी आहे, चार शेळ्या आणि एखादी म्हैस सांभाळायचीही तयारी आहे, पण परवडेल अशी जमीन मिळत नाही, ही तक्रार हल्ली तीन बाजूंनी कानावर येते. पहिला तक्रारदार गावातलाच शेतमजूर. त्याच्या हातात कसब आहे, दारात दोन शेळ्या आहेत, पण नावावर जमीन नाही. दुसरा म्हणजे वाटण्या होत होत पंचवीस-तीस गुंठ्यांवर आलेला शेतकरी. तेवढ्यात घर भागत नाही आणि शेजारचा तुकडा विकत घ्यायची ऐपत नाही. तिसरा म्हणजे शहरातली नोकरी सुटल्यामुळे किंवा स्वतःहून सोडून गावाकडे परतलेला तरुण. तिघांचीही मागणी फार मोठी नाही. दोन एकर, फार तर तीन. आज आपण या दोन एकरांविषयी बोलू या.

आधी थोडी आकडेवारी पाहू. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे ५० लाख वहिती खाती होती आणि दर खात्यामागे सरासरी सव्वाचार हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत खाती दीड कोटीच्या वर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. ही झाली सरासरी. निम्म्याहून अधिक खाती त्याहूनही लहान आहेत. तेव्हा दोन एकरांची शेती ही आता महाराष्ट्रातली नेहमीची शेती झाली आहे. ती कशी उभी करायची, हा प्रश्न लाखो घरांचा आहे.

बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो जमीन विकत घेण्याचा. त्याचा हिशोब एकदा मांडून पाहू. समजा, बऱ्यापैकी जिरायत जमीन एकरी दहा लाखांना मिळते आहे आणि पैसे कर्जाऊ काढायचे आहेत. व्याज शेकडा ९ धरलं, तर वर्षाला ९०,००० रुपये नुसतं व्याजच झालं. त्या एकरात सोयाबीन पेरलं, पाऊसमान चांगलं झालं आणि आठ क्विंटल उतारा आला. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. सगळा माल हमीभावानं गेला असं धरलं, तरी हाती ४२,६२४ रुपये येतात. यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी आणि मजुरी अजून वजा व्हायची आहे. म्हणजे व्याजाची निम्मी रक्कमसुद्धा निघत नाही. बरं, जमिनीचा भाव निम्मा धरा, एकरी पाच लाख. तरी व्याज ४५,००० होतं आणि उत्पन्न त्याच्या आतच राहतं.

याचा अर्थ उघड आहे. जमिनीचा भाव आता पिकावर ठरत नाही. तो ठरतो जवळून जाणाऱ्या रस्त्यावर, येऊ घातलेल्या औद्योगिक वसाहतीवर, शहरातल्या माणसाच्या शिलकीवर. हातात स्वतःची पुंजी असेल तर गोष्ट वेगळी. पण कर्ज काढून जमीन घ्यायची आणि पिकातून ते फेडायचं, हा बेत कागदावरच बुडतो.

सरकारनं भूमिहीनांसाठी काही केलंच नाही असं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांच्याच नावानं २००४ साली राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, अशी ती योजना. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना तिच्यात अग्रक्रम आहे. आधी निम्मं कर्ज आणि निम्मं अनुदान असे. २०१८ पासून पूर्ण अनुदान झालं आणि खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख अशी ठरली. अडचण अशी की जिथे बाजारभाव या मर्यादेच्या वर गेला, तिथे विकणारा मालक पुढे येत नाही. तरीही आडवळणाच्या तालुक्यांत या भावात जमीन मिळू शकते. पात्र कुटुंबांनी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावीच. विकायला तयार असलेला मालक शोधायला गावानंही हातभार लावला, तर काम पुढे सरकतं.

पण या वाटेनं जाणारे थोडे. बाकीच्यांनी काय करायचं? इथे गावाच्या शिवारात एक फेरी मारून पाहायला हवी. पुष्कळ गावांत पडीक रानं दिसतील. मालक पुण्याला, मुंबईला किंवा सुरतेला. कुठे दोघं म्हातारी माणसं घरात, मुलं बाहेर. कुठे चार भावांचं सामाईक, कोणीच कसत नाही. कोकणात तर वाडीच्या वाडी अशी रिकामी पडलेली दिसते. म्हणजे एकीकडे जमीन नसलेले हात आणि दुसरीकडे हात नसलेली जमीन. या दोघांची गाठ का पडत नाही?

त्याचं उत्तर एका शब्दात आहे: कूळ. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, मराठवाड्यासाठी हैदराबाद संस्थानच्या काळातला १९५० चा कायदा आणि विदर्भासाठी १९५८ चा, असे तीन कायदे राज्याच्या तीन भागांत आले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. मुंबई कायद्यानुसार त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक झालं असं मानण्यात आलं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या लाखो घरांना या कायद्यानं हक्काची जमीन दिली, हे विसरता येणार नाही. पण त्याच वेळी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरात एक धास्ती बसली आणि ती नातवंडांपर्यंत आली. "कोणाला कसायला देऊ नकोस, कूळ लागेल," हे वाक्य अनेक मरणशय्यांवरून सांगितलं गेलं असेल. ही धास्ती अगदीच पोकळ आहे असंही नाही. मुंबई कूळ कायद्यानुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला नसेल, पगारी गडी नसेल आणि गहाणदार म्हणून ताब्यात नसेल, तर तो कूळ समजला जाऊ शकतो.

मग मालक काय करतो? एक तर जमीन पडीक ठेवतो, नाहीतर तोंडी बोलीवर देतो आणि वर्ष-दोन वर्षांत माणूस बदलतो. याची किंमत कोण मोजतो? जो कसतो तो. ज्याला पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नाही, तो शेणखत कशाला टाकेल? बांध कशाला घालेल? शेळ्यांचा गोठा कुठे बांधेल? गारपीट झाली तर पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाचा होतो आणि मदत मालकाच्या खात्यात जमा होते. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवायचं तर पीकपेऱ्यासह सातबारा लागतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे पैसेही ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतात. कष्ट एकाचे आणि कागद दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. तेव्हा परवडणारी जमीन शोधण्याचा प्रश्न पुष्कळसा या कागदाचा प्रश्न आहे.

दुसऱ्याची जमीन कसण्याच्या आपल्याकडे जुन्या रीती आहेत. खंडानं घेतली तर ठरलेली रक्कम द्यायची, पीक येवो न येवो. यालाच मराठवाड्यात आणि विदर्भात ठोक्यानं किंवा मक्त्यानं घेणं म्हणतात. अर्धेलीनं किंवा बटईनं घेतली तर खर्च आणि उत्पन्न दोन्ही वाटून. नवख्या माणसानं पहिली दोन वर्षं बटई घ्यावी हे बरं, कारण पाऊस दगा देतो तेव्हा नुकसान दोघांत वाटलं जातं. पाण्याची खात्री असेल आणि भाजीपाला किंवा चारा घ्यायचा असेल तर खंड परवडतो, कारण जास्तीच्या कष्टाचं फळ आपल्याच पदरात पडतं.

रीत कुठलीही असो, बोलणी कागदावर आणावीत. त्या कागदात काय असावं? गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. मुदत किती वर्षांची. खंड किती आणि कुठल्या महिन्यात द्यायचा. विहिरीच्या पाण्याची पाळी कोणत्या वारी, मोटारीचं वीजबिल कोणी भरायचं. बांधावरच्या आंब्याचं, चिंचेचं उत्पन्न कोणाचं. पीकविम्याची भरपाई किंवा सरकारी मदत मालकाच्या खात्यात आली तर ती कसणाऱ्याला कशी पोचवायची. मुदत संपल्यावर गोठ्याचे पत्रे, पाइप, ठिबक काढून नेता येतील की नाही. आणि कसणाऱ्यानं बांधबंदिस्तीवर खर्च केला तर तो खंडातून किती वळता करायचा. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. पीकविम्यासाठीही आपल्या राज्यात भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो. कूळ कायद्याची बाजू नीट पाहण्यासाठी मसुदा एकदा जाणत्या वकिलाला दाखवावा. त्याची फी पुढच्या भांडणापेक्षा खचितच स्वस्त पडते.

बँकेच्या दारातही असा कागद उपयोगी पडतो. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत खंडानं कसणारे, बटईदार आणि तोंडी बोलीवर कसणारेही बसतात. चार ते दहा जणांनी मिळून संयुक्त देयता गट केला तर एकमेकांच्या हमीवर कर्ज मिळू शकतं. २०१८-१९ पासून पशुपालनही किसान क्रेडिट कार्डात आलं आहे, म्हणजे शेळ्या-कोंबड्यांच्या खर्चासाठी त्यातून खेळतं भांडवल मागता येतं. शाखेत गेल्यावर पहिलं उत्तर नकाराचं येईल कदाचित. पण नियमात तरतूद आहे हे आपल्याला माहीत असावं.

एकट्याला जे जमत नाही ते गटाला जमतं, याचं उत्तम उदाहरण केरळात आहे. तिथे कूळपद्धत कायद्यानं संपवल्यावर जमीन खंडानं देणंच बंद झालं आणि खूप जमीन पडीक राहू लागली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री या स्त्रियांच्या चळवळीनं अशा पडीक जमिनी गटानं कसायला घेतल्या. मालक तयार कसे झाले? मधे ग्रामपंचायत होती. एकट्यादुकट्या अनोळखी माणसापेक्षा पंचायतीच्या ओळखीचा, पाच-सहा बायकांचा गट मालकाला भरवशाचा वाटला. बीना अगरवाल या अर्थतज्ज्ञ बाईंनी या गटांचा अभ्यास केला, तेव्हा दर हेक्टरी उत्पन्नात हे गट आसपासच्या एकेकट्या कुटुंबांच्या शेतीपेक्षा सरस ठरल्याचं त्यांना आढळलं. आपल्याकडेही मराठवाड्यात, विदर्भात बचत गटांनी ठोक्यानं जमीन घेतल्याची उदाहरणं आहेत. आपल्या ग्रामपंचायतींनी पडीक जमिनींची यादी करून मालक आणि गट यांची गाठ घालून दिली, तर त्याला फार खर्च नाही.

दुसरं उदाहरण मराठवाड्यातलंच आहे. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं धाराशिव, लातूर या दुष्काळी पट्ट्यात बायकांना एक सोपी गोष्ट करायला सांगितली: घरच्याच जमिनीतून अर्धा-एक एकर मागून घ्या. तिथे सोयाबीन-कपाशी नको. डाळी, ज्वारी-बाजरी, भाज्या लावा, जोडीला शेळ्या-कोंबड्या ठेवा. या बायकांना जमीन नवऱ्याकडून, सासऱ्याकडून मिळवावी लागली आणि तीही सहज मिळाली नाही. पण दुष्काळात नगदी पीक गेलं तेव्हा घरात खायला होतं ते याच एकरातलं. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेव्हा जमीन शोधताना आधी आपल्याच घरात, भावकीत पाहावं. जो भाऊ शहरात आहे, त्याच्या वाट्याचा तुकडा पडीक असेल, तर पहिली बोलणी तिथेच करावीत.

आता जनावरांकडे वळू. जनावरं ठेवायची तर खूप जमीन लागते, असा समज आहे. म्हशींच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, शेळ्यांच्या बाबतीत तितका नाही. दहा गुंठ्यांत संकरित नेपिअर गवत लावलं आणि पाण्याची सोय असली, तर वर्षाला सुमारे पंधरा टन हिरवा चारा निघू शकतो. म्हणजे दिवसाला चाळीस किलो. मोठ्या शेळीला दिवसाला तीन ते चार किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे दहा शेळ्यांची हिरव्या चाऱ्याची सोय दहा गुंठ्यांत होते. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावावी, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट साठवून ठेवावं. म्हशीला मात्र दिवसाला वीस ते पंचवीस किलो हिरवा चारा हवा, म्हणजे त्याच दहा गुंठ्यांत दोन म्हशींचंही जेमतेम भागेल. खंडाच्या जमिनीवर गोठा बांधायचा तर बांबू, जाळी आणि पत्र्याचा, उचलून नेता येईल असा बांधावा. आणि शेळ्या घ्यायलाही पैसे नसतील, तर अर्धलीनं शेळी सांभाळायची आपली जुनी रीत आहेच. मालकाची शेळी आणायची, वाढवायची आणि करडं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची.

धनगर मेंढपाळांची रीत पाहा. सुगी झाल्यावर रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे आणि कळपाला चारा मिळतो. तिथे मालकी बदलत नाही आणि कोणाला कोणाची भीती नसते. शेळीवाल्यानं आणि भाजीवाल्यानं गावात असा व्यवहार ठरवला, तर दोघांचीही जमिनीची गरज कमी होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. गायरान हे गावाचं आहे. त्यावर जनावरं चारता येतात, पण ते कोणी कोणाला विकू शकत नाही. पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या मुद्रांकावर गायरानातला तुकडा विकणारे भेटतात. त्या कागदानं मालकी मिळत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे.

ज्यांच्याकडे पुंजी आहे आणि जे विकतच घेणार आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. जमीन स्वस्त असते तेव्हा तिच्यात काहीतरी उणं असतं. ते उणं आपल्याला दुरुस्त करता येईल का, एवढं पाहायचं. मुरमाड असेल तर तलावातला गाळ टाकता येतो. उतार असेल तर बांध घालता येतात. गावापासून लांब असेल तर राहायला जाता येतं. पण वाटच नसेल, खाली पाणीच नसेल किंवा मालकीचा वाद असेल, तर ती जमीन फुकटातही महाग आहे. म्हणून उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत जमीन पाहावी. आसपासच्या विहिरींना तेव्हा किती पाणी असतं ते शेजाऱ्यांना विचारावं. विहीर सामाईक असेल तर हिस्सा किती आण्यांचा आणि पाळी कधी, हे खरेदीखतात यावं. रस्ता सरकारी की नुसता वहिवाटीचा, हे नकाशावर तपासावं.

कागद पाहताना सातबाऱ्यावरचं नाव पाहून थांबू नये. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते पाहावं. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, बहिणींचे हक्क काय आहेत ते वाचावं. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींच्या सह्या हव्यातच. देवस्थान इनामाची, वतनाची आणि आदिवासींची जमीन यांना वेगळे नियम आहेत, तिथे घाई करू नये. मागचे फेरफार काढावेत, तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. तुकडेबंदी कायदाही लक्षात ठेवावा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत शेतीसाठी जिरायतीचा २० गुंठ्यांहून आणि बागायतीचा १० गुंठ्यांहून लहान तुकडा सहसा घेता येत नाही. शहरातल्या बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शेतमजुराला खरेदीसाठी मुंबई कूळ कायद्यानं मोकळीक ठेवली आहे, हे मात्र कित्येक शेतमजुरांनाच ठाऊक नसतं.

शेवटी सरकारला आणि मालकांना एक विनंती. निती आयोगानं नेमलेल्या डॉ. हक समितीनं २०१६ मध्ये जमीन भाड्यानं देण्याच्या कायद्याचा नमुना तयार केला. मालकाच्या मालकीला धक्का नाही आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळते, अशी त्याची घडण आहे. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा करून मालकाच्या संमतीनं कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. आपल्या राज्यातही असा सोपा मार्ग तलाठ्याच्या पातळीवर प्रत्येकाला मिळायला हवा.

आणि ज्यांचं रान गावाकडे पडीक आहे, त्यांनी येत्या गुढीपाडव्याआधी एकदा गावी जावं. सालगड्यांची सालं पाडव्याला ठरतात, खंडाचे व्यवहारही त्याच सुमारास होतात. ओळखीतला कष्टाळू माणूस किंवा बायकांचा एखादा गट पाहून, नीट कागद करून, तीन वर्षांसाठी दोन एकर कसायला द्यावेत. बांध राखला जाईल, रान स्वच्छ राहील, थोडा खंड हाती येईल आणि गावात एका घराची चूल स्वतःच्या धान्यावर पेटेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)